वेर्नर चेल्सीकडे चालला, लिव्हरपूलने हात आखडता घेतला: योग्य की अयोग्य?

कोप_वेडा (धागाकर्ता)
७ जून २०२०, सकाळी ९:१०

दोन दिवस सगळीकडे एकच बातमी आहे. जर्मनीतल्या लाइपझिग फुटबॉल क्लबचा स्ट्रायकर (गोल करणारा आघाडीचा खेळाडू) टिमो वेर्नर चेल्सीकडे जाणार, रक्कम साधारण ५ कोटी पाउंड. तो लिव्हरपूललाच येणार असं आपण सगळे वर्षभर धरून चाललो होतो. आपल्या प्रशिक्षक क्लॉपबद्दल तो स्वतः भरभरून बोलला होता. ऐन वेळी क्लबने माघार घेतली आणि कारण दिलं जातंय ते कोरोनाचं. मैदानं बंद, तिकीटविक्री शून्य, पुढचा हंगाम कधी सुरू होणार याचा पत्ता नाही.

माझ्या मते क्लबने बरोबर केलं. एप्रिलमध्ये काय झालं ते आठवा. ४ तारखेला क्लबने जाहीर केलं की सुमारे २०० कर्मचाऱ्यांचे पगार सरकारी योजनेतून घेणार: पगाराचे ८० टक्के, महिन्याला कमाल २५०० पाउंड, सगळं करदात्याच्या खिशातून. त्याच्या आदल्याच महिन्यांत क्लबने ४ कोटी २० लाख पाउंडांचा करपूर्व नफा दाखवला होता. माजी खेळाडू जेमी कॅरघरसारखी घरची माणसंच तुटून पडली आणि दोन दिवसांत माफी मागून निर्णय मागे घ्यावा लागला. ज्या क्लबला एप्रिलमध्ये ऑफिसातल्या माणसांचा पगार जड झाला, त्याने जूनमध्ये स्ट्रायकरसाठी ५ कोटी मोजले असते तर मला तरी ते पचलं नसतं.

दुसरा प्रश्न आपल्या सध्याच्या स्ट्रायकरचा, फिर्मिनोचा. लीगमध्ये या हंगामात त्याचे ८ गोल आहेत आणि आपल्या घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर एकही नाही. मग वेर्नर नको, तर पुढे काय? सविस्तर लिहा.

निळी_लाट
७ जून २०२०, सकाळी ९:४२

धन्यवाद लिव्हरपूल. असेच हात आखडते ठेवा. 😀

तालीमवाला
७ जून २०२०, सकाळी १०:०५

आलाच बघा चेल्सीचा निळा! धाग्याला हळद लागायच्या आत हजर.

गनर_काका
७ जून २०२०, सकाळी ११:२०

कोप_वेडा, नैतिकतेचा मुद्दा पटला नाही. कर्मचाऱ्यांचा पगार आणि खेळाडूची खरेदी हे दोन वेगळे खिसे आहेत. क्लबने कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार द्यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण म्हणून संघ कमकुवत ठेवायचा? संघ चॅम्पियन्स लीगमधून (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) बाहेर पडला तर पहिली कात्री त्याच कर्मचाऱ्यांवर चालते. आमच्या आर्सेनलकडे बघा. २०१७ पासून चॅम्पियन्स लीग नाही, एप्रिलमध्ये खेळाडूंनी साडेबारा टक्के पगारकपात मान्य केली, तरी भोक बुजत नाही.

हिशेबनीस
७ जून २०२०, दुपारी १२:३५

काका, खिसे वेगळे आहेत पण पँट एकच. आकडे मांडतो, मग बोलू.

लिव्हरपूलचे २०१८-१९ चे हिशेब बघा. एकूण उत्पन्न ५३ कोटी ३० लाख पाउंड. त्यातले २६ कोटी १० लाख टीव्हीचे, १८ कोटी ८० लाख जाहिरातदार आणि व्यापारी करारांचे, आणि ८ कोटी ४० लाख सामन्याच्या दिवसाचे, म्हणजे तिकिटं, खाणंपिणं, पाहुणचाराचे बॉक्स वगैरे. खर्चाच्या बाजूला पगारच ३१ कोटींचे.

तिकिटांचा हिस्सा सहावाच आहे, मग एवढी बोंब कशाला, असं कोणी म्हणेल. पण मोठ्या क्लबांचा नफा त्या सहाव्या हिश्श्यापेक्षाही लहान असतो. ३१ कोटींचे पगार करारात बांधलेले, ते कमी करता येत नाहीत. ८ कोटी गेले की ४ कोटी २० लाखांचा नफा पुसला जातो आणि वर तोटा उभा राहतो. शिवाय टीव्हीवाले उशिरा झालेल्या सामन्यांसाठी सवलत मागतायत. ती सगळ्या लीगमध्ये मिळून ३० कोटी पाउंडांच्या वर जाईल असं बोललं जातंय.

आता वेर्नर. ५ कोटी पाउंड एकदम वहीत पडत नाहीत. करार पाच वर्षांचा असेल तर दर वर्षी १ कोटी. पगार समजा आठवड्याला दीड लाख धरला तर वर्षाला ७८ लाख. म्हणजे हिशेबात वर्षाचा बोजा पावणेदोन कोटींच्या वर. पण हा झाला वहीतला हिशेब. रोकड वेगळी. सुटकेच्या कलमाची रक्कम (करारात लिहिलेली, ती भरली की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो) बहुतेक वेळा रोख आणि लवकर द्यावी लागते. गिऱ्हाईक दारात असताना ‘हप्ते बांधून द्या’ म्हणायची सोय लाइपझिगसारख्या क्लबकडे फारशी मिळत नाही. बँकेत रोकड किती हा या उन्हाळ्यातला खरा प्रश्न आहे, आणि त्या बाबतीत रोमन अब्रामोविचचा क्लब आणि अमेरिकन मालकांचा क्लब यांची तुलनाच होत नाही. लिव्हरपूलचे मालक क्लबने कमावलं तेवढंच क्लबला खर्चू देतात. कुटिन्यो विकला तेव्हा व्हॅन डाइक आणि अ‍ॅलिसन आले.

म्हणून माझं मत धागाकर्त्यासारखंच, फक्त कारण वेगळं. क्लबने शरमेने माघार घेतली असं मला वाटत नाही. रोकड नव्हती, एवढंच.

निळी_लाट
७ जून २०२०, दुपारी १:१०

हिशेबनीस, उत्तम. फक्त एक दुरुस्ती. या वेळचं चेल्सीचं पाकीट मालकाने भरलेलं नाही. खरेदीबंदीमुळे २०१९ चा अख्खा उन्हाळा आम्ही उपाशी होतो आणि त्याच उन्हाळ्यात हजार्डला विकून रेआल माद्रिदकडून घसघशीत रक्कम आली. ती साठवली होती. बाजारात सगळे विकायला बसलेत आणि विकत घेणारा एकटा उभा आहे, यापेक्षा चांगली वेळ कोणती?

आणि नैतिकतेचं म्हणाल तर आम्ही एकाही कर्मचाऱ्याला सरकारी योजनेत टाकलं नाही. स्टॅमफर्ड ब्रिजवरचं हॉटेल मालकाच्या खर्चाने सरकारी रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना राहायला दिलं.

रानजाई
७ जून २०२०, दुपारी ३:५५

वाचतेय. हॉटेलची गोष्ट खरी आहे. मी वॉरिंग्टनला राहते, रुग्णालयात काम करते. त्या दिवसांत राहायला जागा मिळणं किती मोठी गोष्ट होती हे आमच्यातल्या अनेकांना विचारा. घरी म्हातारी माणसं असल्यामुळे लोक गाडीत झोपत होते.

मला या धाग्यात पडायचं नव्हतं, पण ११ मार्च आठवतो. अ‍ॅनफिल्डवर अ‍ॅटलेटिको माद्रिदचा सामना झाला. माद्रिदमध्ये तेव्हा शाळा बंद झाल्या होत्या, तिथले सामने प्रेक्षकांविना होणार होते, आणि त्याच शहरातून सुमारे ३ हजार प्रेक्षक लिव्हरपूलला आले. तो सामना तसा व्हायलाच नको होता. तेव्हापासून ५ कोटी, ६ कोटी हे आकडे वाचले की आत काहीतरी खटकतं. खेळ सुरू व्हावा असं मलाही वाटतं, पण मला तुमच्यासारखा उत्साह येत नाही अजून.

कोप_वेडा
७ जून २०२०, संध्या. ५:३०

रानजाई, काळजी घ्या. तुमच्या प्रतिसादानंतर वादाचा आवाज आपोआप खाली आला.

सई_म
७ जून २०२०, रात्री ९:१५

फिर्मिनोबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून सविस्तर लिहिते.

‘अ‍ॅनफिल्डवर एकही नाही’ हा आकडा लीगपुरता खरा आहे, पण तो एकटा उभा करणं अन्याय आहे. रानजाईंनी म्हटलेल्या त्याच अ‍ॅटलेटिकोच्या सामन्यात जादा वेळेत त्याने अ‍ॅनफिल्डवर गोल केला होता. आणि बाहेरच्या मैदानांवर त्याने केलेले गोल कधीचे आहेत ते बघा. नोव्हेंबरमध्ये क्रिस्टल पॅलेसला २-१, जानेवारीत टॉटनहॅमला १-०, त्याच महिन्यात वुल्व्ज्‌ला २-१. तिन्ही ठिकाणी विजयी गोल फिर्मिनोचा. दोह्यात क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्लमेंगोविरुद्ध एकमेव गोल त्याचाच. आज आपण २५ गुणांनी पुढे आहोत त्यातले किती गुण याने ओढून आणलेत?

घरच्या मैदानावर त्याचे गोल का होत नाहीत याला कारण आहे. अ‍ॅनफिल्डवर येणारा संघ दहा जण मागे लावून बसतो. तेव्हा फिर्मिनो खाली उतरतो आणि मधल्या बचावपटूला सोबत ओढतो. जी जागा मोकळी होते तिथे सालाह आणि माने घुसतात. चेंडू त्याच्याकडे येतो तेव्हा त्याची पाठ गोलकडे असते. एका स्पर्शात पास, आणि तोवर तो स्वतः गोलपासून वीस-पंचवीस यार्ड लांब. गोल कसे होणार? आणि चेंडू गेला की परत मिळवायला सगळ्यात आधी धावणारा तोच. वेर्नरला मोकळं मैदान लागतं. दहा जण मागे बसल्यावर तो काय करणार होता, हे मला कोणीतरी सांगा.

लाइपझिगकर
८ जून २०२०, पहाटे २:४०

मी सांगतो. इथे नोकरीनिमित्त आल्यापासून वेर्नरला भरपूर पाहिलंय.

सईताई, तुमचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. मागे बसलेल्या संघासमोर तो चाचपडायचा, आणि हे इथल्या लोकांनाही ठाऊक होतं. पण या हंगामात प्रशिक्षक नागल्समानने त्याला थोडं डावीकडे आणि खाली खेळवलं, शेजारी पॅट्रिक शिकसारखा उंच माणूस दिला. त्यामुळे तो आता पासही देतो. लीगमध्ये पंचवीस गोल झालेत, अजून सामने बाकी आहेत. १६ मेला इथली लीग, बुंडेसलीगा, रिकाम्या मैदानांवर सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याने माइन्झला त्यांच्या घरी तीन गोल मारले.

त्याची खरी खोड वेगळी आहे. तो एका सामन्यात चार सोप्या संधी घालवतो, पण पाचवीसाठी पुन्हा तितक्याच जोरात धावतो. सहा आठवडे गोल नाही झाला की इथला प्रेक्षक थांबायचा. इंग्लंडचा थांबेल का, हे मला सांगता येत नाही.

अवांतर: २०१७ मध्ये तुर्कस्तानच्या बेशिक्टाशच्या मैदानावर प्रेक्षकांच्या आवाजाने त्याला भोवळ आली होती, कानात बोळे घालूनही अर्ध्या तासात बाहेर यावं लागलं. त्यामुळे रिकामी मैदानं त्याला मानवणारच.

निळी_लाट
८ जून २०२०, सकाळी ८:०१

म्हणजे कोरोना हंगामासाठी सर्वोत्तम खरेदी! 😂

तालीमवाला
८ जून २०२०, सकाळी ११:४५

तुम्ही कोटीच्या गप्पा मारताय, आमचं कोल्हापूर ऐका. मार्चमध्ये हंगाम मध्येच थांबला. शाहू स्टेडियमला कुलूप. आमच्याकडे टीव्हीचे पैसे नाहीत की तिकिटाचा मोठा गल्ला नाही. सगळा खेळ चालतो तो पेठेतल्या माणसांच्या खिशावर. कोणी बुटांचे पैसे देतो, कोणी बाहेरून आलेल्या खेळाडूच्या खोलीचं भाडं भरतो, कोणी जेवणाचा डबा पाठवतो. आता देणाऱ्यांचीच दुकानं बंद. आमच्या पेठेत एक नायजेरियन पोरगा अडकलाय, विमानं बंद म्हणून घरी जाता येत नाही. सामने नाहीत म्हणजे मानधन नाही. तालमीतल्या पोरांनी वाटून घेतलंय कोणाच्या घरचा डबा कोणत्या दिवशी. चपाती-भाजी खाऊन कंटाळलाय, पण तांबड्या रश्श्यावर जीव आहे त्याचा.

तो आमचा स्ट्रायकर. तीन महिने घरात बसून फॉर्म कुठं राहणार? सकाळी रंकाळ्याला पळायला जायचा, तेही पोलिसांनी बंद केलं.

सई_म
८ जून २०२०, दुपारी १२:१०

तालीमवाला दादा, त्या मुलासाठी काही मदत करता येईल का? व्यक्तिगत निरोप करते.

बालेवाडी_ब्लॉक
८ जून २०२०, दुपारी २:२२

आम्हा पुणेकरांचा क्लब महामारीची वाट बघत थांबलाच नाही. पैशाच्या अडचणींत एफसी पुणे सिटी २०१९ मध्येच बंद झाला आणि ती जागा हैदराबादला गेली. बालेवाडीला केशरी-जांभळे टीशर्ट घालून बसायचो आम्ही. आता तो शर्ट घालून कुठे जायचं?

रानजाई
३ जुलै २०२०, रात्री ११:०५

वेर्नर चेल्सीचा झाला, लिव्हरपूल तीस वर्षांनी विजेते झाले, अभिनंदन सगळ्यांचं. (निळी_लाट, मँचेस्टर सिटीला तुम्हीच हरवलंत आणि विजेतेपद पक्कं झालं म्हणून पहाटे पावणेतीनला माझ्या पुण्यातल्या भावाने शेजाऱ्यांना उठवलं.)

पण माझ्या घरापासून जवळच विगन आहे. परवा १ जुलैला त्यांचा क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात गेला. नवा मालक येऊन महिनाही झाला नव्हता. त्यांचे बारा गुण कापले जातील. संघ चांगला खेळतोय हो, खालच्या तीनांत नाहीये. गुण कापले की खालच्या लीगमध्ये जाईल. माझ्या वॉर्डातल्या एका सहकाऱ्याचे वडील तिथे सामन्याच्या दिवशी फाटकावर उभे असतात, कित्येक वर्षं. त्यांचं काय होणार ते कोणीच सांगत नाही.

हिशेबनीस
४ जुलै २०२०, सकाळी ७:५०

विगनचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. वरच्या क्लबना टीव्ही वाचवतो. दुसऱ्या स्तराखाली टीव्हीचे पैसे तुटपुंजे, तिथे तिकीट हाच आधार. आणि मालकाने आपलेच पैसे ओतायचे हाच धंद्याचा नमुना झाल्यामुळे, मालकाने हात काढला की तिसऱ्या दिवशी पगार थांबतात. मोठे क्लब खरेदी थांबवतात तेव्हा याच क्लबांची कमाई थांबते, कारण वर्षाकाठी एखादा पोरगा वर विकून ते जगतात. म्हणून कोप_वेडांना सांगतो, खरेदी न करणं म्हणजे काटकसरीचं पुण्यकर्म, असं सरसकट म्हणता येत नाही. पैसा वरून खाली झिरपतो तो याच वाटेने.

कोप_वेडा
४ जुलै २०२०, सकाळी ९:३०

पण वेर्नरचे ५ कोटी विगनला थोडेच गेले असते? ते लाइपझिगला, एका शीतपेयाच्या कंपनीच्या क्लबला. झिरपायचं असेल तर देशातल्या खालच्या क्लबांकडून घ्या, मी पहिला टाळ्या वाजवीन.

गनर_काका
४ जुलै २०२०, सकाळी १०:१५

आणि बार्सिलोनाचं काय? आर्थर युव्हेंटसला ७ कोटी २० लाख युरोंना, प्यानिच तिकडून ६ कोटींना. नेमका ३० जूनच्या आत, म्हणजे आर्थिक वर्ष संपायच्या आत. हिशेबनीस, हे काय गौडबंगाल?

हिशेबनीस
४ जुलै २०२०, सकाळी ११:००

गौडबंगाल नाही, वहीचा खेळ. विकलेल्या खेळाडूची पूर्ण रक्कम त्याच वर्षी जमेला लागते, वजा त्याची वहीत उरलेली किंमत. विकत घेतलेल्याची रक्कम मात्र कराराच्या वर्षांवर पसरते. दोन्ही क्लबांनी मोठे आकडे लावले की दोघांनाही या वर्षी नफा दिसतो आणि बोजा पुढच्या चार-पाच वर्षांवर जातो. प्रत्यक्ष हातात पडते ती फक्त फरकाची रक्कम. प्यानिच तिशीचा, आर्थर तेवीस वर्षांचा. मैदानाचा विचार करून हा सौदा कोणी केला असेल असं मला वाटत नाही. याच क्लबच्या खेळाडूंनी मार्चमध्ये ७० टक्के पगारकपात घेतली आणि वर बाकीच्या कर्मचाऱ्यांचा पगार पूर्ण व्हावा म्हणून पैसे दिले. खेळाडूंनी दाखवलेली जबाबदारी संचालकांनी दाखवली नाही.

सई_म
२३ जुलै २०२०, पहाटे ३:२०

अ‍ॅनफिल्डवर! लीगमध्ये! फिर्मिनो!! आणि तेही चेल्सीविरुद्ध!!! ट्रेंटचा क्रॉस, याचं डोकं. ५-३. कोप स्टँडवर चषक उचलला. मी झोपणार नाहीये.

निळी_लाट
२३ जुलै २०२०, सकाळी ७:१५

हंगामाच्या शेवटच्या घरच्या सामन्यात उघडलं खातं. वाढदिवसाचा केक कापा. (खेळ मात्र सुरेख होता, मान्य.)

रानजाई
२३ जुलै २०२०, दुपारी १:४०

काल विगन खाली गेलं. आठवड्यापूर्वी हलला ८-० हरवलं होतं. बारा गुण गेले नसते तर मधल्या फळीत आरामात राहिले असते.

तालीमवाला
२३ जुलै २०२०, दुपारी २:१०

लई वाईट वाटलं ताई. आणि आमचा पोरगा विमानाने सुखरूप घरी पोचला, हे सांगायचं राहिलं होतं. सईताईंचे आणि इथल्या बाकी सगळ्यांचे आभार, नावं घेत नाही.

कोप_वेडा
२० सप्टेंबर २०२०, सकाळी ८:३०

धागा वर काढतो. दोन दिवसांत थियागो आणि डिओगो जोटा आपल्याकडे आले. जोटासाठी ४ कोटींच्या वर! हिशेबनीस, रोकड नव्हती ना?

हिशेबनीस
२० सप्टेंबर २०२०, सकाळी १०:०५

म्हणूनच तर हे सौदे नीट बघा. जोटाच्या रकमेतला पहिल्या वर्षीचा हप्ता अगदी लहान असल्याचं इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत आलंय. बदल्यात तरुण हूव्हर वुल्व्ज्‌ला विकला. वेर्नरच्या बाबतीत हे जमलं नसतं. आणि आता ब्रूस्टरवर नजर ठेवा. स्वॉन्झीकडून त्याने चांगले गोल केलेत. अकादमीतला पोरगा वहीत शून्य किमतीला असतो, विकला की सगळी रक्कम नफा. २ कोटींच्या वर मिळाले तर जोटाचा निम्मा खर्च तिथेच निघाला.

सई_म
२० सप्टेंबर २०२०, सकाळी १०:४०

जोटाची निवड मला आवडली. लीगमध्ये ७ गोल म्हणून लोक नाकं मुरडतायत, पण युरोपात बेशिक्टाश आणि एस्पान्योल दोघांविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली होती. आघाडीच्या तिन्ही जागांवर खेळतो. फिर्मिनोला विश्रांती देता येईल.

गनर_काका
६ ऑक्टोबर २०२०, सकाळी ९:००

हिशेबनीस, ब्रूस्टर शेफील्ड युनायटेडला २ कोटी ३५ लाख. तुम्ही ज्योतिषीच.

आमच्याकडे मात्र ऑगस्टमध्ये ५५ जणांना कामावरून कमी केलं आणि काल थॉमस पार्टी या खेळाडूसाठी साडेचार कोटी भरले. माझ्या जूनमधल्या ‘दोन खिसे’ या मतावर मी ठाम आहे, पण खेळाडूंनी पगारकपात घेतली ती कर्मचारी वाचावेत म्हणून, आणि तरी ५५ घरांत नोकरी गेली, याचा मला संताप आहे. त्यात खेळाडू शोधणारी जुनी जाणती माणसंही होती. मी स्वतः यंदा अर्ध्या पगारावर आहे, त्यामुळे जरा जास्तच लागलं असेल.

मडगावकर
५ डिसेंबर २०२०, रात्री १०:२०

इथे आमच्या दारात आख्खी इंडियन सुपर लीग (आयएसएल) येऊन बसलीये आणि आत पाय ठेवता येत नाही! फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, सगळे सामने या तीन ठिकाणी, प्रेक्षक शून्य. हॉटेलांत खेळाडू कोंडलेले. सामन्याच्या दिवशी फातोर्ड्याच्या बाहेरून गेलो तर दिवे दिसतात, प्रशिक्षकाचं ओरडणंसुद्धा भिंतीबाहेर ऐकू येतं, आणि आम्ही रस्त्यावर उभे. रोस-ऑम्लेटचे गाडे सामन्याला कसे गजबजायचे! आता एकही नाही.

आणि बदल्यांचं म्हणाल तर आमचीही जखम ताजी आहे. गेल्या हंगामात लीग शील्ड आम्ही, म्हणजे एफसी गोवाने, जिंकलं, एशियन चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब झालो. आणि त्यानंतर? प्रशिक्षक लोबेरा, फॉल, जाहूह, बूमूस, आणि आमचा घरचा मंदार राव देसाई, सगळे मुंबई सिटीत. मँचेस्टर सिटीवाल्यांनी २०१९ मध्ये मुंबईचा ६५ टक्के हिस्सा घेतला, त्याचं हे फळ. आमचा स्ट्रायकर कोरोसुद्धा गेला. पण त्याच्या जागी आलेला इगोर अंगुलो बघा, छत्तिशी ओलांडलेला माणूस, पहिल्याच सामन्यात बंगळूरला तीन मिनिटांत दोन गोल. मोठी रक्कम न मोजताही स्ट्रायकर मिळतो, नीट शोधला तर.

बालेवाडी_ब्लॉक
५ डिसेंबर २०२०, रात्री १०:४५

मडगावकर, निदान दिवे तरी दिसतात तुम्हाला.

कोप_वेडा
२२ जानेवारी २०२१, सकाळी ७:४०

बर्नलीकडून हरलो. अ‍ॅनफिल्डवर लीगमधले ६८ सामने अपराजित होतो, काल संपलं. व्हॅन डाइक ऑक्टोबरपासून बाहेर, गोमेझ बाहेर, मधल्या फळीतली माणसं बचावात. जोटाही गुडघ्यामुळे बाहेर. पुढे कोणी गोल करत नाही.

निळी_लाट
२२ जानेवारी २०२१, सकाळी ८:१०

आमच्या वेर्नरने नोव्हेंबरपासून लीगमध्ये गोल केलेला नाही. या, एकत्र रडू.

लाइपझिगकर
२२ जानेवारी २०२१, दुपारी १२:००

त्याच्यावर इतक्या लवकर फुली मारू नका. धावणं थांबलेलं नाही ना? मग तो संपलेला नाही.

निळी_लाट
३० मे २०२१, सकाळी ६:३०

युरोपचे राजे! चॅम्पियन्स लीग जिंकली! पोर्तो! सिटीला १-०, हावर्ट्झ! रात्रभर जागा आहे.

आणि आता या धाग्याचा मूळ प्रश्न घ्या. माउंटने पास दिला त्याच्या आधी काय झालं ते पुन्हा पाहा. वेर्नर डावीकडे धावला, सिटीचा बचावपटू डायस त्याच्यामागे सरकला, आणि मधोमध जी दरी पडली तिच्यातून हावर्ट्झ गेला. लीगमध्ये वेर्नरचे सहाच गोल आहेत, कालही पहिल्या अर्धात त्याने दोन संधी घालवल्या, सगळं खरं. पण तो धावला नसता तर चषक आला नसता.

सई_म
३० मे २०२१, सकाळी ९:१०

मनापासून अभिनंदन. आणि हेच मी गेल्या जूनमध्ये फिर्मिनोबद्दल लिहिलं होतं हो! दुसऱ्यासाठी जागा करणारा स्ट्रायकर. तुम्हाला तो पटायला वर्ष आणि एक चषक लागला.

आकडेच हवे असतील तर जोटाने दुखापतीमुळे लीगमध्ये फक्त १९ सामने खेळून ९ गोल केले. फिर्मिनोचेही ९, त्यातले दोन ओल्ड ट्रॅफर्डवर, नेमक्या गरजेच्या वेळी.

तालीमवाला
३० मे २०२१, सकाळी ९:२५

आणि गोलकीपर अ‍ॅलिसनचा एक! वेस्ट ब्रॉमविचला ९५ व्या मिनिटाला हेडर. त्याला फुकटात स्ट्रायकरचा नऊ नंबर द्या, काही कोटी वाचतील.

हिशेबनीस
३० मे २०२१, सकाळी ११:४०

एप्रिलमध्ये लिव्हरपूलचे २०१९-२० चे हिशेब आले. करपूर्व तोटा ४ कोटी ६० लाख, उत्पन्न ४९ कोटींवर. आणि त्यात महामारीचे जेमतेम अडीच महिने आहेत. रिकाम्या मैदानांचं पूर्ण वर्ष पुढच्या वहीत दिसेल. म्हणून वेर्नर न घेण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. जानेवारीत बचावपटू घ्यायला केलेला उशीर मात्र योग्य वाटत नाही. प्रेस्टनच्या बेन डेव्हिसला पाच लाखांना घेतलं आणि तो एकही सामना खेळला नाही. काटकसर आणि ढिलाई यांत फरक आहे.

कोप_वेडा
३० मे २०२१, दुपारी १:१५

उशिराबद्दल पूर्ण सहमत. पण एप्रिलमध्ये बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगच्या यादीत आपल्या मालकांचं नाव वाचलं तेव्हा मला सगळ्यात आधी ते २०० कर्मचारी आठवले. दोन्ही वेळी दोन-तीन दिवसांत माफी. पैशाची अडचण मी समजू शकतो, पण प्रत्येक अडचणीत आधी चाहत्यांना आणि कर्मचाऱ्यांना डावलायचं, हे मला मान्य नाही. क्लब तिसरा आला, शेवटच्या दिवशी दहा हजार लोक मैदानात आले आणि त्यांचा आवाज ऐकून मी रडलो.

रानजाई
३० मे २०२१, दुपारी ३:००

त्या दहा हजारांत मी होते. तिकीट एका सहकाऱ्याने दिलं. आणि विगनला मार्चमध्ये नवे मालक मिळाले, क्लब वाचला.

लाइपझिगकर
३० मे २०२१, संध्या. ६:२०

रानजाई, फार छान बातमी.

परवा लिव्हरपूलने आमच्याकडून इब्राहिमा कोनाटेला घेतलं, सुमारे साडेतीन कोटी पाउंड. उपामेकानो बायर्नला चालला, नागल्समानही तिकडेच. इथे घर रिकामं होतंय. कोनाटे हवेत जबरदस्त आहे, वेगही आहे, फक्त दुखापतींनी त्याचे बरेच सामने खाल्लेत.

गनर_काका
३० मे २०२१, संध्या. ६:५०

बचावपटू घेतलात, स्ट्रायकर अजूनही नाहीच? टॉटनहॅमचा केन बाजारात येतोय म्हणतात.

कोप_वेडा
३० मे २०२१, संध्या. ७:०५

काका, केनचा आकडा ऐकलात का? त्यावर वेगळा धागा काढतो. लाइपझिगकर, कोनाटेचा उजवा पाय की डावा, आणि त्याला मोकळ्या मैदानात एकटं सोडलं तर चालतं का, ते तिथे सविस्तर लिहा.